अकरा वर्षं जाम पडलेलं इंजिन

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू दोन मिनिटांत बरं, ठेवतो म्हणतोस, आणि मला सांगायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही, म्हणून पत्र. खुर्ची ओढ आणि बस. बातमी अशी की आपल्या रोपवाटिकेतला छोटा ट्रॅक्टर काल सकाळी चालू झाला. हो, तोच. ज्याच्या इंजिनावरून तू घर सोडलंस आणि अकरा वर्षं वर्षातून दोन दिवस पाहुण्यासारखा येतोस, शेडकडे पाठ करून बसतोस आणि निघून जातोस, तोच.

झालं असं, बाबांनी मोठ्या हौसेनं नवीन यंत्र आणलं आणि ते गुलाबाच्या दोन वाफ्यांमधून जाईना. पहिल्याच फेरीत सतरा कलमं आडवी! बाबांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना, आणि मी हसले म्हणून त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी स्वतःच शेडमध्ये गेले, जुन्या ट्रॅक्टरवरचं पोतं ओढून काढलं आणि म्हणाले, उघड हे. ज्या इंजिनाला कुणी हात लावायचा नाही असा त्यांनीच दम भरला होता ना, ते! मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तरी माणसानं एका मतावर राहावं. त्यांनी पाना माझ्या हातावर आपटला.

मग काय, जुनी चादर अंथरली आणि कामाला लागले. पंख्याचं झाकण काढलं तर आत उंदरांनी झकास संसार थाटलेला. कापूस, बियांची कुरतडलेली पाकिटं आणि तुझा तो हिरवा मोजा, जो मीच हरवला म्हणून तू आठवडाभर माझं डोकं खाल्लं होतंस. मोजा आता धुऊन वाळत घातलाय. टाचेला भोक आहे, पण तुझ्या सगळ्याच मोज्यांना असायचं. बाबा शेजारी स्टुलावर बसून सूचना देत होते, आणि मी एकही ऐकत नव्हते. फार मजेत चाललं होतं सगळं, खरंच.

आता जरा नीट वाच. सगळ्यात आधी तळाचा बोल्ट काढून ऑइल काढतात, तुला माहीत आहे. पण मी खाली भांडंसुद्धा ठेवलं नाही. कशाला ठेवू? त्या इंजिनात ऑइल नव्हतंच ना! तू ओतायला विसरलास, म्हणूनच तर ते अर्ध्या तासात किंचाळून जाम झालं, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ. मी बोल्ट फिरवला, आणि भसाभसा ऑइल माझ्या पायांवर आलं. चपला भिजल्या, चादर भिजली. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं, पण नवं घातलेलं ऑइल, आणि त्यात धातूचा बारीक चुरा चमकत होता. मी तशीच उभी. बाबाही स्टुलावरून उठले आणि वाकून त्या ऑइलकडे बघत राहिले.

तुला त्या दिवसाची मी काय आठवण करून देणार! बाबांचा नियम, उघडलेलं इंजिन ज्यानं जोडून बंद केलं त्यानं ऑइल ओतायचं नाही, दुसऱ्यानं ओतायचं, म्हणजे कामाला चार डोळे लागतात. नव्या रिंगा घालून इंजिन बंद केलं मी, ऑइल तुझ्याकडे. फळीवरचा डबा सीलबंद सापडला आणि आपण सगळे तुझ्यावर तुटून पडलो. तू दुसऱ्या डब्यातलं ओतलं असशील हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कारण तू विसरभोळा, फाटक उघडं टाकणारा, पंप चालू ठेवून झोपणारा. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता, बारक्या. तू एकदाच म्हणालास, ओतलं होतं ताई. दुसऱ्यांदा म्हणाला नाहीस.

मग इंजिन जाम कशानं झालं? उघडल्यापासून तिसऱ्या दिवशी कळलं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा खालचा अर्धा भाग असतो ना, आम्ही टोपी म्हणतो तो, त्याच्यावर एक खूण असते आणि रॉडवर एक. दोन्ही एका बाजूला यायला हव्यात. त्या विरुद्ध बाजूंना होत्या. टोपी उलटी बसवली होती. ऑइल वर उडवणारी तिची जीभ भलतीकडे तोंड करून होती, म्हणून आत भरपूर ऑइल असूनही रॉड कोरडा पडला. आणि ती टोपी बसवली कुणी? जिच्या हाताला यश आहे म्हणून बाबा गावभर सांगत फिरायचे, तिनं. खोटं कशाला बोलू, अर्धा दिवस मी ती टोपी खिशात घालून फिरले. फेकून दिली असती तर कुणाला कळलं असतं? मग जेवताना काढली आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, मी एकदा तरी उघडून बघायला हवं होतं. पोराचं ऐकायला हवं होतं. नंतर शांतपणे जेवले आणि म्हणाले, चल, आता हे चालू झाल्याशिवाय सुटका नाही.

लेथवाल्या काकांनी, ज्यांना तू मोजपट्टी म्हणायचास, भंगारातून तसाच रॉड शोधून आणला, क्रँक घासून लख्ख केला. दोन्ही खुणा आम्ही तिघांनी आळीपाळीनं बघितल्या. ऑइल काकांनी ओतलं. काल सकाळी मी दोरी ओढायला लागले. बाबा मोजत होते. चौदाव्या ओढीला खोकलं, पंधराव्याला एक निळा भपका सोडला आणि धडधडायला लागलं! अरे, मी ओरडले! मोजपट्टी काका स्टुलावर चढून टाळ्या वाजवत होते आणि बाबा, आपले बाबा, रडत रडत हसत होते.

आता पत्र कशासाठी ते सांगते. माझी चूक झाली, बारक्या, फार मोठी चूक झाली, आणि मला तुझी माफी मागायचीय. पण कागदावर नाही. टोपी दाखवली तेव्हाच मी बाबांना म्हटलं, त्याला बोलावून घेऊ. ते म्हणाले, त्यानं का यायचं? आपण जायचं. तर रविवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं तुझ्या दारात येतोय. बाबांनी शर्ट इस्त्री करून ठेवलाय, आणि गेले तीन दिवस कुंड्यांना पाणी घालताना तुझ्याशी काय बोलायचं ते घोकतायत. दोन वाक्यं झाली की अडखळतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. मला ऐकू येतं. तेव्हा तू एवढंच कर, घरी थांब. आणि ते बोलायला लागले की जाऊ दे बाबा, असं म्हणून त्यांना गप्प करू नकोस. त्यांचं पुरतं बोलून होऊ दे. त्यानंतर माझी पाळी.

तुझीच,
ताई