हौदातल्या माशांचा सोमवार

शुक्रवार पेठ, सोलापूर
श्रावण, १९७६

तीर्थस्वरूप मल्लप्पाअण्णांस,

धाकट्या बहिणीचे, जगदेवीचे शरणु शरणार्थी. वहिनींच्या गुडघ्याला एरंडाच्या पानाने उतार पडला का? करमाळ्याला पाऊस कसा आहे, अडतीवर माल येऊ लागला का, सगळं सविस्तर कळवावं. इकडे आम्ही सर्वजण खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे अजून कुणाला हिवताप आलेला नाही, एवढाच अर्थ घ्यावा. का, ते पुढे येईलच.)

तुमचे मेहुणे शाळेत भूगोल शिकवतात आणि त्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उन्हाळ्यात संस्थेने त्यांना नव्या अभ्यासक्रमाच्या शिबिराला पुण्याला पाठवलं. जाताना माणूस चांगला होता. आला तो पृथ्वीची चार आवरणं घेऊनच आला. चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत मला सांगितलं, की आपण बसलोय ती फरशी म्हणजे शिलावरण, परसातला हौद म्हणजे जलावरण आणि धुतलेली धोतरं गिरणीच्या धुराने काळी होतात ते वातावरण. मी म्हटलं, मग आपण कोण? तर आपण जीवावरण. आपण, तुळस, मांजर, भिंतीवरची पाल, सगळे एकातच. हे सासूबाईंनी ऐकलं. नागम्मा म्हणजे काय चीज आहे ते तुम्ही माझ्या लग्नात पाहिलंच आहे. त्यांनी जपाची माळ खाली ठेवली आणि विचारलं, "सिद्राम, म्या आन् पाल एकाच आवरणात?" हे म्हणाले, होय. त्यावर सासूबाई दोन दिवस यांच्याशी बोलल्या नाहीत. पालीशी मात्र नीट वागू लागल्या.

मग रोज जेवताना पाठ. झाडपाला तो उत्पादक, त्याला खाणारे ते भक्षक आणि कुणी मेलं की येऊन सगळं फस्त करणारे ते विघटक. सासूबाई चटकन म्हणाल्या, "म्हंजे तुजं काका की!" (सासरे गेल्यावर होटगीकडच्या रानाचं काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको.) अण्णा, आमच्या घरात शास्त्र एवढ्या लवकर कुणाला समजलं नव्हतं.

इथवर ठीक होतं. पण हेडमास्तरांनी जाहीर केलं, की श्रावणात तपासणीला साहेब येणार, त्यांना तक्ते दाखवायचे नाहीत, जिवंत परिसंस्था दाखवायची. साहेबांचा शेरा चांगला पडला तर यांची नोकरी कायम, नाहीतर नारळ. शाळेच्या नळाला पाणी नाही, म्हणून परिसंस्था कुठे? तर आमच्या हौदात! नळ एक दिवसाआड येतो, त्यात हौद गेला. तेव्हापासून मी शेजारच्या बाळाबाईंच्या नळावरून कळशा वाहतेय आणि जलावरण परसात आरामात हिरवं होत बसलंय. एका रविवारी हे तळ्यावरून डबाभर शेवाळ, गोगलगायी आणि बोटाच्या पेराएवढे मासे घेऊन आले. लिंगायताच्या घरात मासे! गल्लीतल्या बायका दारावरून जाताना नाकाला पदर लावू लागल्या. सासूबाईंनी घरात पाणी प्यायचं सोडलं. यांनी हात जोडून समजावलं, की अव्वा, हे खायचे नाहीत, नुसते बघायचे आहेत.

तर त्या बघायला बसल्या. आणि माणूस असो की मासा, सासूबाई एकदा बघायला बसल्या की त्याला वळण लावल्याशिवाय उठत नाहीत. पहिल्याच दुपारी त्या ओरडल्या, "अगाई! ह्ये किडं खातंय की!" मी धावत गेले. डासाच्या अळ्या खात होते बिचारे, त्याकरताच तर आणले होते. पण सासूबाईंचं म्हणणं एकच, या उंबऱ्याच्या आत आजवर कुणी मांसाहार केलेला नाही आणि यापुढेही कुणी करणार नाही, मग त्याला पाय असोत की कल्ले. दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ हौदाच्या काठावर बसून ज्वारीची भाकरी कुस्करून घालू लागल्या. मासे आठवडाभरात बाळसं धरून गुबगुबीत झाले. त्यांनी अळ्यांकडे ढुंकून बघणंही सोडलं. मग अळ्यांचे डास झाले, आणि डास काही हौदाच्या काठाशी थांबून परिसंस्थेची शिस्त पाळणारे नव्हेत. सगळी शुक्रवार पेठ अंग खाजवू लागली. हे मात्र वहीत अन्नसाखळी काढत होते आणि एका हाताने मान खाजवत होते.

शेवटी बाळाबाईंनीच तक्रार केली असणार. (ज्यांच्या नळावरून आपण पाणी भरतो, त्यांच्याबद्दल वाईट लिहू नये, म्हणून नक्की लिहीत नाही.) मलेरिया खात्याचा एक माणूस तेलाचा डबा घेऊन परसात आला. हौदात वाकून बघितलं आणि म्हणाला, हौद आत्ता उपसा, नाहीतर तेल ओततो. तेल पडलं की मासे गेले, परिसंस्था गेली, आणि तपासणी तर त्याच आठवड्यात. आणि अण्णा, ज्यांनी माशांपायी पाणी सोडलं होतं, त्या सासूबाई पदर खोचून हौदाच्या काठावर चढून बसल्या. "माज्या लेकरांच्या डोस्क्यावर त्याल घालायला तू कोन, न्हावी हायस का?"

तो माणूस हसला, भला होता. म्हणाला, "अव्वा, मासे असताना अळ्या कशा? हे मासे हायत का सोयरे?" मग यांना बाजूला घेऊन बजावून गेला, की पुढच्या फेरीला अळी दिसली तर ऐकणार नाही. यांनी आईच्या पायावर डोकं ठेवलं, भाकरी बंद कर म्हणाले. "आपल्या दारात उपाशी ठिवू?" असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. मला दोघांचीही दया आली, आणि त्याहून जास्त माझ्या कमरेची. मी सासूबाईंना सहज म्हटलं, अत्ती, उद्या श्रावणी सोमवार, घरात सगळ्यांना उपास. मग माशांनीच का म्हणून खावं?

हे त्यांना पटलं. सोमवारी भाकरी बंद. सासूबाई हौदाकडे पाठ करून दिवसभर जप करत बसल्या. दुपारी हौदात पाणी वळवळू लागलं, तशी त्यांनी माळ भराभर ओढायला सुरुवात केली. मी विचारलं, काय चाललंय आत? त्या म्हणाल्या, "उपासाच्या दिशी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघू न्हाय." संध्याकाळी हौदात औषधाला अळी उरली नव्हती.

मंगळवारी साहेब आले. हे पांढरीफटक टोपी घालून हौदाशी उभे. उत्पादक कोण? शेवाळ. भक्षक? मासे. मासे काय खातात? हे उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "सोमवारी काय खात न्हाईत!" यांचा चेहरा टोपीपेक्षा पांढरा झाला. साहेब निघाले अक्कलकोटकडचे. ते कानडीत "अव्वा, बाहेर या की" म्हणाले मात्र, सासूबाईंनी पाल, भाकरी, डास, तेल, उपास सगळं कानडीत सांगून टाकलं. (तोंडाकडं बघू नये हेही.) साहेब हौदाच्या काठाला धरून हसले, मग डोळे पुसून शेरा लिहिला: 'परिसंस्थेत माणसाने हात घातल्यास काय होते, हे प्रत्यक्ष दाखवण्यात आले आहे. प्रयोग उत्तम.'

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
जगदेवी

ता. क. नोकरी कायम झाली. कालच हुकूमही आला, की असाच प्रयोग संस्थेच्या करमाळ्याच्या शाळेत करण्यासाठी यांची तिकडे बदली केली आहे. तेव्हा पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की बाजार समितीच्या आसपास आमच्यासाठी एखादं घर बघून ठेवावं. घर कसंही असो, पण हौद दोन हवेत. एक माणसांना.

पुन्हा ता. क. सासूबाईंना वरचं वाचून दाखवलं. त्या म्हणतात, हौद एकच असला तरी चालेल, माणसांचं पाणी जगदेवी शेजारून आणील.