बुटकीच्या जिभेवरचे फोड

अगं,
बुटकीच्या जिभेवर पुन्हा फोड आलेत, आणि आता गुंड्यानंही गवत सोडलंय. आज दोन्ही सशांना डॉक्टरांकडे नेलं. दात ठीक आहेत, फोड कशाचे ते त्यांनाही कळेना. "दिवसभर काय काय खातात?" त्यांनी विचारलं. मला माझ्या वेळेतलंच सांगता आलं. तू घरी असतेस तेव्हा मी कामावर.

"एकाच घरात राहता ना?" ते हसले. मला हसू आलं नाही.

औषध सिरिंजनं, गालाच्या कडेनं, हळूहळू दे. बुटकी चावते, जपून.

उद्या चारला आपण दोघांनी यायचं म्हणालेत. मी रजा टाकलीय, तूही टाक. तिथं बाकावर तासभर ताटकळावं लागतं. लागू दे.