म्हैस नावाचा दगड

२८ सप्टेंबर

पडलो. पुन्हा म्हशीवरच!

बसलेल्या म्हशीसारखा दगड, म्हणून ते नाव. आटपाडीच्या बाहेर, माळावर, ओढ्याच्या कडेला. पाठ गुळगुळीत आणि शेवटी वीतभर उभी पायरी. आमच्या मोटरसायकल क्लबच्या ट्रायल्सची शेवटची चढण हीच असते. दोन वर्षं मी दुसरा आलो, दोन्ही वेळा हिच्यामुळे. आज चारदा गाडी चढवली, चारदा पायरीवर बोंबललं. घरी आल्यावर मंगल म्हणाली, "आवं, कोपर फुटलंय की." तोवर मला पत्ताच नव्हता.

२९ सप्टेंबर

दिवसभर गाडी उघडून बसलो. सायलेन्सर काजळीनं गच्च भरला होता, जाळून साफ केला. कार्बोरेटर धुतला. क्लचची केबल नवी घातली. गाडी जुनी, शंभर सीसीची टू-स्ट्रोक. सीट काढून टाकलंय, कारण उभ्यानंच चालवायची. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, मोठं बसवल्यापासून माणसाच्या चालीनं चढते.

दुपारी मेहुणा सांगलीहून आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. "दाजी, किती पळती वं?"

पळत नाही बाबा! किती वेळा सांगायचं. ही रेस नव्हे, ट्रायल्स. दगडाधोंड्यांतून दोऱ्या लावलेली वाट असते, तिच्यातून सावकाश गाडी काढायची, पाय खाली टेकवायचा नाही. टेकला की दरवेळी एक पॉइंट. पडलात तर पाच. ज्याचे पॉइंट कमी तो जिंकला. तो म्हणाला, "मग ह्यात मजा काय?" मी चहा पाजला.

तो आला होता नोकरीचं सांगायला. एमआयडीसीत सुपरवायझरची जागा, एक जानेवारीपासून. रविवारीसुद्धा शिफ्ट. फौजेतून येऊन दोन वर्षं होऊन गेली, घरात नुसता फिरतोय, मंगलही कंटाळली असणार. हो म्हणून टाकलं. म्हणजे डिसेंबरची स्पर्धा ही शेवटची. यंदा जिंकलो तर जिंकलो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाने, स्क्रू ड्रायव्हर, विळा, खुरपं, सगळं पाटावर मांडून पुजलं. गाडीला हार घातला. मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, उरलेलं हळदकुंकू आणि एक नारळ पिशवीत टाकला आणि माळावर गेलो. म्हशीलाही कुंकू लावलं. नारळ फोडला, अर्धी वाटी तिथंच ठेवली.

देवभोळेपणा नव्हे. समोरच्याला सलाम ठोकून मैदानात उतरायचं, एवढंच. मंगलला बोललो नाही. हसली असती.

५ ऑक्टोबर

पाऊस. माळावर जाण्यात अर्थ नाही. ओसरीवर येरझाऱ्या. मंगल म्हणाली, "बसा की येका जागी. फरशी झिजंल."

१२ ऑक्टोबर

आज क्लबची प्रॅक्टिस. आणि बघतो तर म्हशीवर पिवळाधमक भंडारा! झेंडूची फुलं, उदबत्तीची काडी, लिंबू. शेजारी बिराप्पा हात जोडून उभा. ओढ्यापलीकडं त्याची वस्ती आहे, मेंढरं आहेत, थोडी बाजरीही करतो.

"फौजी, गाडी लांब लावा जरा. देव निगालाय हितं."

कधी निघाला म्हणून विचारलं.

"खंडेनवमीला. आमच्या म्हातारीला कुकू दिसलं दगडावर. माणूस न्हाई काय न्हाई, आन् कुकू! त्याच दिशी आजारी मेंडी उटून चराय लागली."

नानासो – आमचा क्लब तेच चालवतात, वडूजचे, शिस्तीचा माणूस – ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "कुणाचा उद्योग रं ह्यो?" मी हेल्मेट पुसत राहिलो. सांगायला हवं होतं, पण बिराप्पाचं तोंड बघून धीर झाला नाही.

दुसऱ्या दगडांवर प्रॅक्टिस केली. चांगली झाली, पण लक्ष सगळं म्हशीकडं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

मंगल माहेरी गेली. मी माळावर. म्हशीच्या भोवती दगडांची कड लावलीय, चुना दिलाय, एक घंटासुद्धा टांगलीय. वस्तीवरच्या बायका चपला लांब काढून येत होत्या. मी कुंकवाचं एक बोट ओढलं काय आणि हे काय होऊन बसलं!

९ नोव्हेंबर

क्लबची मीटिंग. नानासोंनी सरळ सांगितलं, "म्हैस वगळायची. भांडण नको. शेवटची चढण खालच्या धबधब्याजवळ घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. शंभूराजनं तर सगळ्यांत आधी. हा साताऱ्याचा पोरगा, दोन्ही वर्षं पहिला. हात असा हलका की गाडी त्याच्याशी बोलत असावी. चांगला आहे, याचाच राग येतो.

मी एकटाच नको म्हणालो. का, ते धड सांगता येईना.

घरी मंगलला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग बरंच की. तुमी तितंच तर पडताय. दगूड न्हाई तर नंबर तुमचा."

बरोबर आहे तिचं. म्हणूनच नको. जिथं दोनदा हरलो ती जागाच काढून टाकली, तर तो कप काय शोकेसमध्ये ठेवायचा? मला म्हैस चढायचीय. तिच्यावर पाय न टेकता, सगळ्यांदेखत. मग सांगली, शिफ्ट, जे काय असेल ते.

१० नोव्हेंबर

नानासोंचा फोन. "वस्तीवाल्यांची परवानगी आण, मग बघू." बोलायला सोपं.

११ नोव्हेंबर

गेलो. बिराप्पा मेंढरांमागं होता. त्याची आई, दगडाबाई, दारात लोकर निवडत बसलेली. म्हातारी वाकलीय, पण नजर पक्की. मी फिरवून फिरवून सुरुवात केली – हवापाणी, बाजरी. तिनं थांबवलं. "कामाचं बोल."

बोललो. म्हणालो, मावशी, ते कुंकू मी लावलं होतं. नारळ मीच फोडला होता. देवबिव काही निघाला नाही, माझ्या गाडीची पूजा होती ती.

मला वाटलं, शिव्या घालेल. ती लोकर निवडतच होती. म्हणाली, "तू लावलंस म्हून काय झालं? समद्याच देवाला पयल्यांदा कुनीतरी लावलंच असंल की."

सतरा वर्षांच्या नोकरीत असा हिशेब मला कुणी ऐकवला नव्हता.

मग तिनंच विचारलं, "त्या दगडावर तुमी करता तरी काय रं सारखं?"

सांगितलं. गाडी वर न्यायची. पाय टेकला की हरलो.

"पाय टेकायचा न्हाई?"

"नाही."

तिनं लोकर खाली ठेवली. "मग चाक चढू दे की. घोड्यावरनं देव फिरतोच की. पर पायतान लागाय न्हाई पायजे. कुनाचं बी."

मी हसलो, तिच्यादेखतच. स्पर्धेचा नियम आणि देवाचा नियम एकच निघाला! ती नाही हसली. म्हणाली, "मी येनार बघाय."

संध्याकाळी बिराप्पा घरी आला, तोंड पाडून. त्याला पसंत नव्हतं, पण आईनं शब्द दिलाय. जाताना म्हणाला, "फौजी, लागला पाय तर?" मी म्हणालो, लागणार नाही. उगाच बोललो.

१६ नोव्हेंबर

नानासोंनी मान्य केलं. अट: स्पर्धेच्या दिवसापर्यंत म्हशीवर कुणीही प्रॅक्टिस करायची नाही. ही अट माझ्याच मुळावर.

२५ नोव्हेंबर

परसात विटा, लाकडी ओंडका आणि पाटा ठेवून म्हशीएवढा चढ उभा केला. मंगल म्हणाली, "माझा पाटा!" पाटा काढला, ओंडका राहू दिला. पायरीशी आलं की क्लच एका बोटावर अर्धा सोडायचा, अंग पुढं टाकायचं, आणि श्वास धरायचा नाही. श्वास धरतो तिथंच चुकतं.

७ डिसेंबर

टायरमधली हवा कमी-जास्त करून बघितली. कमी केली की पकडतं, पण पायरीवर रिम आपटते. मधलं गणित सापडत नाही. कंपनीचं पत्र आलं, मेडिकलला बोलावलंय. टीव्हीवर ठेवून दिलं. जेवताना मंगल काहीतरी सांगत होती, मी दोनदा हं हं म्हणालो. ती म्हणाली, "तुमी त्या दगडावरच राहायला जावा."

१३ डिसेंबर

सगळं तयार. आता हात लावायचा नाही गाडीला. तरी दोनदा लावला.

१४ डिसेंबर

एका हातानं लिहितोय. डावा गळ्यात बांधलाय. डावं कॉलरबोन मोडलं.

क्रमानं लिहितो. सकाळच्या सगळ्या चढणी छान गेल्या. म्हशीपाशी आलो तेव्हा माझे सात पॉइंट, शंभूराजचे सहा. तोवर सगळी वस्ती जमलेली. दगडाबाई घोंगडं टाकून अगदी कडेला बसलेली, पंचापेक्षा जवळ. पंच नानासो स्वतः. त्यांनी सगळ्यांना पुन्हा बजावलं, दगडाला बूट लागता कामा नये, ज्याला खात्री नसेल त्यानं सोडून द्यावं, पाच पॉइंट लागतील.

एकेक जण सोडायला लागला! आटपाडीच्या दोघांनी सोडलं. मग शंभूराज. गाडी बंद करून माझ्याजवळ आला. "दादा, पाय लागणारच नाही असं नाही सांगता येत मला. आईला कळलं तर घरात जेवायला घालणार नाही."

मला हसू आलं. इतका चांगला रायडर आणि घाबरला कुणाला? माझ्या हातचं कुंकू लागलेल्या दगडाला! मनात म्हणालो, बाळा, तू कप आणून दिलास. त्याचे सहा आणि पाच, अकरा. माझे सात. एक-दोनदा पाय टेकला तरी कप माझाच. फक्त पडायचं नव्हतं.

आणि पडलो.

पाठ सुंदर चढली. पायरीवर पुढचं चाक टेकलं, मागचं वर आलं, आणि गाडी डावीकडं कलली. क्लच उशिरा सुटला असावा. मी गाडीसकट पलीकडं ओढ्यात. पाच पॉइंट. बारा. कप शंभूराजचा.

मला उचलेपर्यंत दगडाबाई उठली होती. दगडाजवळ गेली, वाकून बघितलं आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पाय न्हाई लागला!" बिराप्पानं माझ्या कपाळाला भंडारा लावला. हाड मोडलेल्या माणसाला! चीड आली. नानासो म्हणाले, "एक पाय टाकला असतास तर जिंकला असतास गड्या." माहिती आहे की.

१६ डिसेंबर

लोक भेटायला येतायत. सगळ्यांना सांगतोय, क्लच. शंभूराज फळं घेऊन आला होता, कप घेऊन नाही, शहाणा आहे. म्हणाला, "दादा, केबल तर नवी होती ना तुमची?" मी म्हणालो, नवीही अडकते कधीकधी. दुपारी बिराप्पा आला, दूध ठेवून गेला. वस्तीवर म्हणे माझं नाव निघतंय. कंपनीला कळवलं, महिनाभर उशीर होईल. मंगल केस विंचरून देते, तेव्हा हात मऊ असतो तिचा.

१८ डिसेंबर

अंगणात खुर्ची टाकून बसलो. गाडीकडं बघवत नाही. दुसरीकडं बघायलाही काही नाही.

२१ डिसेंबर

क्लच नीट होता. इथंही खोटं लिहिलं.

गाडी कलली तेव्हा वेळ होता. डावा पाय खाली निघालाही होता. एक पॉइंट, कप माझा, हे डोक्यात अगदी स्वच्छ होतं. बुटाखाली दगड बोटभर राहिला, आणि मी पाय वर ओढून घेतला.