उपासाच्या दिवशीची सुई

सर,

तुमचं एक म्हणणं मी मोडलं आहे, आणि परवा ते चारचौघांत बोलूनही दाखवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेली मीच आता निवृत्तीला आले. दर शनिवारी दुपारी, ओपीडी आटोपली की, मी तरुण डॉक्टरांना मुलांच्या मधुमेहावर संशोधन कसं करायचं ते शिकवते. तो वर्ग बंद करायचं ठरत होतं, आणि बंद करणाऱ्यांनी नाव तुमचं घेतलं. म्हणून सांगायचं ते तुम्हालाच सांगते.

वालूरची ती मुलगी आठवते? श्रावणातला सोमवार नुकताच होऊन गेलेला. मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर ती धापा टाकते आहे, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, आणि पायाशी तिची आई उभी. उपास होता म्हणून आईने इन्सुलिनची सुई दिलीच नव्हती. तुम्ही कडाडलात, "बाई, अक्कल गहाण टाकली का? मारायचंय का पोरीला?" ती खाली बघत राहिली. मी तेव्हा नवी होते. मी म्हटलं, "सर, उपासाला ही नेमकं काय खाते, आणि अशी आणखी किती घरं आहेत, ते विचारून बघू का?" माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "संशोधन पुण्या-मुंबईच्या लोकांनी करावं. आपण इथं परभणीत डॉक्टर आहोत. सलाईन बघा." त्या खेपेला मुलगी वाचली. पुढच्या श्रावणात आणली, तेव्हा वाचली नाही. आईचा हलगर्जीपणा, एवढंच तुम्ही म्हणालात आणि पुढच्या खाटेकडे वळलात.

तुमचे उपकार मी विसरलेले नाही. मुलीला रात्रपाळी कशाला, म्हणून वडील मला परत न्यायला आले होते, तेव्हा तुम्हीच त्यांना चहा पाजून एकटं परत पाठवलंत. पण उपकार वेगळे आणि चूक वेगळी.

माझ्याकडे येतात ते डॉक्टर औषध लिहायला शिकून आलेले असतात. गप्प बसून ऐकायला त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. त्यांतला एक चुडाव्याचा, हुशार आणि भलताच घाईचा. त्याने सगळ्या आयांना विचारून टाकलं, उपासाला सुई बंद ठेवता का? मग ऐटीत माझ्यापुढे आला. "मॅडम, एकही आई बंद ठेवत नाही." मी म्हटलं, "असं दरडावून विचारल्यावर हो कोण म्हणेल? परत जा. खुर्ची ओढून बस. आधी काल घरात काय केलं होतं ते विचार." आणि मी स्वतः त्याच्या मागे जाऊन बसले. समोर गंगाखेडकडची एक आई, मांडीवर मधुमेह असलेलं पोर.

"काल काय केलं होतं, ताई?" त्याने विचारलं.

"काल एकादशी व्हती. लेकरानं काईच खाल्लं न्हाई."

"काहीच नाही?"

"न्हाई. साबुदाना, भगर, शेंगदान्याचा लाडू, दोन केळं. उपासच व्हता की!"

"आणि सुई?"

"जेवनाच्या आदी सुई द्या, जेवन न्हाई तर देऊ नका, असं तुमीच सांगितलं न्हाई का? जेवलंच न्हाई, तर सुई कशाला टोचू?"

तो हसला. मी डोळे वटारले. बाई गेल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तिला नाही हसलो. मीपण एकादशीला ताटभर खिचडी चापतो आणि आज काही खाल्लं नाही म्हणून सांगतो."

तुमच्या सोमवारच्या डब्यातही भगरच असायची, सर, आणि तुम्ही म्हणायचात, आज जेवण नाही. आपण सगळे त्याच घरांतून आलेलो, तरी सुई समजावताना हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. वालूरची ती आई हलगर्जी नव्हती. तिने आपलं ऐकलं होतं. आता आम्ही सांगतो, उपास असो नसो, सुई मनाने बंद ठेवायची नाही, किती द्यायची ते आम्हाला आधी विचारायचं. असं सांगितल्याने धापा टाकत येणारी मुलं कमी होतात का, हे माझे तरुण डॉक्टर आता तपासत आहेत. याला संशोधन म्हणतात, आणि ते परभणीतच करावं लागतं.

परवाच्या बैठकीत आमचे विभागप्रमुख, तेही तुमचेच विद्यार्थी, म्हणाले, "रुग्ण रांगेत उभे आणि तुम्ही डॉक्टरांना गप्पा मारायला शिकवता. सरांनी असलं चालू दिलं नसतं."

"नसतंच दिलं," मी म्हटलं. "आणि सर चुकले होते."

वर्ग बंद झाला तो झालाच. या शनिवारी सगळे माझ्या स्वयंपाकघरात जमले. चुडाव्याच्या डॉक्टरने पोह्यांचा कांदा इतका जाड चिरला की मी सुरी काढून घेतली, पण काम पुढे सरकलं. पुढच्या शनिवारीही सरकेल. ते थांबवायला आता माझ्या घराला कुलूप लावावं लागेल.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. फक्त एक कबूल करते. सर चुकले होते, हे म्हणताना मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. विभागप्रमुखांना वाटलं, मी रागाने उठले. तसं नव्हतं. तुमच्याबद्दल बसून बोलणं मला अजून जमत नाही.