वाळ्याच्या पडद्याची आतली बाजू

माय,

उद्या दुपारपर्यंत मला एका नोटिशीचं उत्तर द्यायचं आहे. कागद-पेन घेऊन बसले आणि 'महोदय' लिहायच्या जागी हाताने 'माय' लिहिलं. खोडावंसं वाटलं नाही, म्हणून आता हेच पुढे लिहिते आहे. तुला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. आपल्याच वस्तीतल्या शाळेत, जिथं तू मला पहिलीत हाताला धरून सोडलं होतंस, तिथं मी मुख्याध्यापिका आहे, हे तू पाहिलं नाहीस. हे सांगताना थोडं मिरवायचं होतं, पण मिरवायच्या आधीच डोकं तापतं. नोटीस अशी आहे की मी चौथीचा वर्ग शाळेच्या वेळेत, परवानगी न घेता, बाहेर नेला आणि शिक्षण कार्यालयाच्या आवारात नेऊन बसवला. ते आवार म्हणजे नाल्यापलीकडचं, तुझंच. तेव्हा तिथं दुसरं खातं होतं, आता शिक्षणाचं आहे. इमारत तीच, चिंचेची झाडंही तीच, फक्त आणखी मोठी झालेली.

माझ्या शाळेतल्या तरुण शिक्षकांना तुझं काम समजावून सांगावं लागतं. होळी झाली की त्या कार्यालयाच्या दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागायचे आणि त्यांच्यावर पाणी मारायला रोजंदारीवर बाया लावायचे. तू दर उन्हाळ्याला जायचीस. तेलाचा रिकामा डबा हौदात बुचकळायचा, व्हरांड्यात उभं राहून पडद्यावर पाणी भिरकावायचं, मग पुढची खिडकी, मग त्याच्या पुढची. शेवटच्या खिडकीशी पोचेपर्यंत पहिली वाळलेली असायची. वारा बाहेरून यायचा, ओल्या वाळ्यातून गार होऊन आत जायचा. म्हणजे पाणी मारणारी बाई नेहमी तापल्या बाजूला. सुट्टीत तू मला बरोबर न्यायचीस. एकदा शिपायाने माझ्या हाती पाण्याचा तांब्या देऊन मला आत पाठवलं. आत अंधारलेलं होतं, ओल्या मुळांचा वास होता, आणि साहेब पूर्ण बाह्यांचा सदरा घालून शांतपणे लिहीत होते. कपाळावर घामाचा टिपूस नाही. मी बाहेर येऊन तुला विचारलं, "माय, यांच्याकडं उन्हाळा आला नाय का अजून?" तू हसलीस. डबा हौदात बुडवत म्हणालीस, "येतो की. पर त्यो भाईरच बसतो, माझ्यासंगं."

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. आज वाटत नाही. संध्याकाळी आपण नाल्यातल्या दगडांवर पाय देत अलीकडे यायचो आणि या काठाला लागताच चुलीपुढे बसल्यासारखी झळ लागायची. झाड नाही, ओटा नाही, पत्र्याला पत्रा लागलेला. पलीकडे कडक उन्हाचे दिवस म्हणजे मे महिन्यातले मोजके. आपल्याकडे होळीपासून जे लागायचे ते मृगापर्यंत एकही दिवस सुटायचा नाही. पिशोरला मामाकडे काही ऊन कमी नसायचं, पण दिवस मावळला की डोंगराकडून वारा सुटायचा, अंगणात बाजेवर निजलं की पहाटे पांघरूण ओढावं लागायचं. आपल्या घरात पहाटेसुद्धा पत्र्याला हात लावला तर तो कोमट असायचा. वर्तमानपत्रात मात्र अख्ख्या शहराचा एकच आकडा छापून यायचा. साहेबांचा तोच, आपला तोच.

एका वर्षी जून लागला तसे पडदे उतरवले आणि त्यातला एक कड फाटलेला पडदा तुला देऊन टाकला. तू तो डोक्यावर घेऊन नाला ओलांडलास. शेजारच्या बाया म्हणाल्या, "आता काय बाई, सायबीण झाली." तू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो माळ्यावर जपून ठेवलास आणि होळीनंतर आपल्या दाराला टांगलास. टांगल्यावर आपल्या लक्षात आलं की त्यावर मारायला पाणी कुठं आहे? टँकर यायचा तो त्याच्या मर्जीने. घागरी नंबरात लावून तू भांडून पाणी आणायचीस. मग भांडी घासलेलं, डाळ-तांदूळ धुतलेलं जे पाणी उरेल ते त्यावर मारायचीस, आणि वाळ्याला वास यायचा तो राखेचा. दिवसभर दुसऱ्याच्या खिडक्यांवर हौदच्या हौद रिकामे करणारी बाई घरी येऊन भांडी घासलेलं पाणी ओंजळीने पडद्यावर शिंपडते, हे मी रोज बघायचे. माझं वय तेव्हा नऊ-दहा असेल. एक दिवस तू यायच्या वेळेला मी पिण्याच्या पाण्याची अख्खी घागर त्या पडद्यावर ओतली. वरपासून खालपर्यंत, एक काडी कोरडी राहू दिली नाही. तू दारात आलीस, पायाखालचा चिखल पाहिलास, घागर पाहिलीस, आणि माझ्या पाठीत असा रट्टा घातलास की श्वास अडकला. "लोकं पाण्यापायी मरायलेत अन् तू दाराला पाजतीस व्हय गं? म्हण, चुकलं." मी म्हटलं, चुकलं.

आता इकडचं ऐक. शाळेची जुनी इमारत पाडून बरीच वर्षं झाली. नवी होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून पत्र्याच्या खोल्या उभ्या केल्या. त्या तात्पुरत्या खोल्यांत शिकून गेलेल्या मुलींची मुलं आता माझ्याकडे शिकतात. खालून फरशी, वरून पत्रा, खिडकी एका बाजूला. दुपारी बारानंतर तिथं मूल बसवणं म्हणजे त्याला शिक्षा देणंच आहे. फेब्रुवारी सरता सरता मी अर्ज दिला की आम्हाला सकाळची शाळा आत्ताच सुरू करू द्या. शिक्षण कार्यालयातले आताचे साहेब तरुण आहेत, बोलायला गोड आहेत. म्हणाले, "मॅडम, शहराचा पारा अजून तेवढा चढलेला नाही. चढला की सगळ्यांनाच एकदम आदेश निघेल."

"शहराचा म्हणजे कुठला, सर?"

"विमानतळाकडे मोजतात तो. तोच अधिकृत."

"तिथं मोकळं रान आहे. माझे वर्ग पत्र्याखाली आहेत."

ते हसले. "मग काय, आता प्रत्येक गल्लीचा वेगळा उन्हाळा धरायचा का आम्ही?"

मी म्हटलं, "हो."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी औरंगपुऱ्यात जाऊन भिंतीवरचा तापमापी विकत आणला, वर्गात टांगला, पाऱ्याचा फोटो काढून त्यांना दाखवला. म्हणाले, हा दुकानातला आहे, ग्राह्य धरता येत नाही. माय, माझ्या मुलांचा घाम ग्राह्य नाही, पारा ग्राह्य नाही, मी तिथं उभी आहे तीही ग्राह्य नाही. ग्राह्य काय, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला मोकळ्या जागेत एका पेटीत ठेवलेला काटा. तो खोटा आहे असं माझं म्हणणंच नाही. तो त्याच्या जागेचं खरं सांगतो. पण त्याच्या जागेचा दिवस बरा गेला म्हणून माझ्या वर्गाचाही बरा गेला, असं ठरवणारे हे कोण? त्यांच्या कागदावर उन्हाळ्याचा एक दिवस लागायच्या आत माझ्याकडे कितीतरी दिवस भाजून निघालेले असतात आणि त्यांची कुठं नोंदच नसते.

मग ती दुपार आली. चौथीतली एक मुलगी फळ्यावर गुणाकार करत होती. हातचा घ्यायला थांबली असं मला वाटलं. ती तशीच खाली बसली आणि आडवी झाली. तोंडावर पाणी मारलं, पदराने वारा घातला, तेव्हा डोळे उघडले. तिची आई धुणीभांडी करते, ती नाल्यापलीकडच्या बंगल्यांतून धावत आली. मी म्हटलं, हिला घरी ने, निजू दे. ती म्हणाली, "घरी नेऊन काय करू बाई? घराला बी पत्राच हाय. हितं निदान तुमी हायत." मला तिचा नाही, स्वतःचा राग आला, कारण मी तिला एका पत्र्याखालून दुसऱ्या पत्र्याखालीच पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी चौथीच्या वर्गाला रांगेत उभं केलं, फळा दोन मोठ्या मुलींच्या हाती दिला आणि नाला ओलांडला. आता तिथं पूल आहे. फाटकावरचा रखवालदार "बाई, कुठं?" म्हणेपर्यंत आम्ही चिंचांखाली पोचलो होतो. मुलं बसली. एका पोराने सरळ मातीवर गाल टेकला. आणि काल पडलेली ती मुलगी वर पानांकडे बघत म्हणाली, "बाई, इथं सांज झाली का?" मला तुझा व्हरांडा दिसला. तो व्हरांडा अजून आहे. पडदे नाहीत, खिडक्यांना काचा आहेत आणि प्रत्येक काचेखाली एसीचा डबा. तो आतली गरमी ओढून बाहेर टाकतो, थेट तू जिथं उभी राहायचीस तिथं. काही मुलं भिंतीच्या सावलीला बसायला गेली, तर त्या झळांनी त्यांना उठवून परत झाडाखाली धाडलं. तुझ्या जागी आता बाई लागत नाही, पण ती जागा त्यांनी तापलेलीच ठेवली आहे.

साहेब खाली आले. "मॅडम, हे काय चाललंय?"

"परिसर अभ्यास, सर."

"इथं? परवानगी कुणाची?"

"वर्गात बसवत नाही. तुम्ही एकदा दुपारी येऊन बसा, मग मी परवानगी मागते."

मुलांच्या समोर असं बोलायला नको होतं, असं माझे सहकारी म्हणतात. मला वाटतं, मुलांच्या समोरच बोलायला हवं होतं. आम्ही चार दिवस तिथं गेलो. पाचव्या दिवशी फाटकाला कुलूप होतं आणि शनिवारी नोटीस आली. कार्यालयाची शिस्त बिघडवली, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची हेळसांड केली. ही सुरक्षितता त्यांना पत्र्याखाली कधी आठवली नाही, ती चिंचेखाली आठवली.

कार्यालयातला एक लिपिक माझा जुना विद्यार्थी. तो काल घरी येऊन गेला. कळवळ्यानेच म्हणाला, "बाई, तुमची दोन वर्षं उरलीत. उगं सेवापुस्तकात शेरा कामून घेता? दोन ओळी लिहा. अनवधानाने झालं, चुकलं, दिलगीर आहे. साहेब फाइल बंद करायला तयार आहेत." तो खोटं बोलत नाही. शेरा पडला तर निवृत्तीच्या वेळी हेलपाटे घालावे लागतील, हे मला कळतं. आणि चुकलं असं लिहून दिलं तर पुढच्या फेब्रुवारीत मी कुठल्या तोंडाने अर्ज देणार, हेही कळतं. त्या एका शब्दाने नाल्याच्या दोन्ही काठांचा उन्हाळा पुन्हा एक होऊन जाईल, आणि तोही माझ्याच सहीने.

सकाळपासून तीन कागद फाडले. प्रत्येक कागदावर त्या शब्दाशी येऊन थांबते आणि पाठीत तुझा रट्टा बसतो. म्हणून तुलाच लिहायला घेतलं. हे पत्र कुठं टाकणार? झालं की घडी करून, तू जयंतीला नेसायचीस त्या पांढऱ्या साडीच्या पिशवीत ठेवीन.

पण त्याआधी एक सांगायचं आहे. त्या संध्याकाळी मार खाऊन मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुला वाटलं मी रडून झोपले. मी झोपले नव्हते. तू चिखल पुसलास, रिकामी घागर पालथी घातलीस, आणि मग दाराशी येऊन पडद्याच्या आतल्या बाजूला बसलीस. वाळा अजून ओला होता, बाहेर वारा होता. तू पदर खांद्यावरून खाली सोडलास, मान मागे टाकलीस आणि डोळे मिटलेस. पडदा वाळेपर्यंत तू तिथून उठली नाहीस, आणि मी हाताच्या फटीतून बघत राहिले. मी चुकलं म्हटलं ते मार थांबावा म्हणून. माय, त्या घागरीचं मला कधीच वाईट वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून तांब्याभर पाणी मागून आणायला तू मलाच पाठवलंस, तेव्हाही नाही.