पाचवा नट

सिस्टर, गाडी पास झाली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही निवांत ऐकाल. तुम्हाला शेवट आधी कळलेला आवडायचा. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की तुम्ही शेवटचं पान आधी वाचायचात, आणि आम्ही बोर्डिंगच्या मुली हसलो की म्हणायचात, "कोण मरते, कोण जगते, हे माहीत झालं की मंग रस्ता मजेत पाहता येते."

माझी गाडी छोटी, पांढरी, पंधरा वर्षांची. पंधरा वर्षं भरली की गाडीला पुन्हा आरटीओसमोर उभं राहावं लागतं. साहेबांनी ठीक म्हटलं तरच ती पुढे चालवायची. मी त्रेसष्ट वर्षांची. माझ्यासाठी असा काही नियम नाही, पण माझ्या मुलाने तो मनातल्या मनात करून टाकला होता. पुण्याहून आला तो गाडीला गिऱ्हाईक ठरवूनच आला. चहा पिता पिता म्हणाला, आता तुला कशाला हवी, फोन केला की दारात गाडी येते. त्याचं मन वाईट नाही, सिस्टर. पण फोन करून बोलावलेल्या गाडीतून मी दर बुधवारी सिहोऱ्याला ताईकडे जाईन, वाटेत तळ्यापाशी थांबून शिंगाडे घेईन, परतताना कुणाची सासू फाट्यावर हात करून उभी दिसली तर तिला बसवून आणीन, असं काही व्हायचं नाही. गाडी गेली की मी घरात बसणार, आणि कुणी नेईल तेव्हा जाणार. मी वाद घातला नाही. म्हटलं, साहेबांनी नापास केली तर तुझ्या गिऱ्हाइकाला देऊन टाक, आणि पास झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तो लगेच कबूल झाला. इतक्या लगेच, की गाडी नापास होणार अशी त्याची खात्रीच असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असतानाच, मी खडू घेऊन अंगणात उतरले. हल्ली शाळांमधून पांढरे फळे आलेत, खडू मिळेनासा झाला आहे. एका स्टेशनरीवाल्याने माळ्यावरची जुनी पेटी काढून दिली, ती मी जपून वापरते. चारही टायरांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढली आणि मुलाला म्हटलं, गाडी सावकाश फाटकापर्यंत ने. तो माझ्याकडे बघत राहिला, पण नेली. मग आम्ही दोघं वाकून पाहू लागलो. तीन चाकांवरची रेघ सगळीकडून सारखी पुसली होती. पुढच्या डाव्या चाकावरची मात्र बाहेरच्या कडेला पुसलेली, आतल्या बाजूला तशीच पांढरी. मी त्याला समजावलं, तुमचं नाव घेऊन, अगदी तुमच्या शब्दांत: मधोमध पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर हवा कमी, आणि एकाच कडेला पुसली तर चाक तिरपं चालतंय. तो उकिडवा बसून त्या रेघेवरून बोट फिरवायला लागला. मी विचारलं, तुझ्या गाडीच्या स्टेपनीची हवा शेवटची कधी पाहिलीस? तो म्हणाला, ती कुठे असते ते आधी पाहावं लागेल.

गॅरेजवाला आपलाच, बोलायला मोकळा. "मॅडम, हा टायर अजून सहा महिने आरामात चालते. तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या?" असं म्हणाला. मी त्याच्याही डोळ्यांसमोर रेघ ओढून दाखवली, तेव्हा त्याने हातातला चहा खाली ठेवला आणि चाक खोलायला घेतलं. चाकं सरळ झाली, पुढची मागे गेली, मागची पुढे आली, स्टेपनीही रांगेत लागली. परत बसवताना एका नटाचे आटे गेलेले निघाले. तो म्हणाला, सध्या तीनवर चालते, दुकान उघडलं की चौथा आणून लावतो. मी डिकी उघडली. तुमच्यासारखाच बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्याही डिकीत असतो. त्यातून नट काढून दिला. गॅरेजवाला मुलाकडे पाहून म्हणाला, "तुमच्या आई माझं दुकान बंद पाडतीन गा." मुलगा हसला आणि मग मला म्हणाला, "आई, ही तुझी सिस्टर होती तरी कोण?"

तिथेच लोखंडी स्टुलावर बसून मी त्याला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

मी सांगितलं की तुम्ही केरळच्या नन, आणि मराठी शिकलात ती बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात, तांदूळ निवडणाऱ्या मावशीकडून. त्यामुळे वर्गात तुमचं इंग्रजी कडक इस्त्रीचं, आणि बोर्डिंगच्या जीपपाशी आलात की आमच्या गावाकडची अस्सल झाडीबोली. मी सिहोऱ्याची. घरी 'मले', 'तुले' बोलणारी आणि शाळेत कुणी हसू नये म्हणून तोंड मिटून शेवटच्या बाकावर बसणारी. पहिल्याच शनिवारी तुम्ही पांढरा झगा खोचून जीपखालून डोकं बाहेर काढलंत आणि मला म्हणालात, "काहून वो पोरी, पाहून काय राहिली? तो पाना दे मले." एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडून 'मले' ऐकून मला इतकं हसू आलं, की पाना द्यायचाच राहिला. त्या दिवसापासून मी शाळेत बोलायला लागले. कुणी चिडवलं तर मी म्हणायची, सिस्टर पण असंच बोलतात.

शनिवारची सकाळ म्हणजे जीप. हवा पाहायची, तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवायची, बॅटरीत पाणी घालायचं. सानगडीचा बाजार करून जीप आली असेल तर टायरांच्या खाचांमधून खिळे उपटायचे. रस्त्यावर बैलांच्या नालांचे खिळे गळून पडलेले असत आणि ते नेमके आपल्याच टायरात शिरत. ते खिळे, व्हॉल्व्हची टोपणं, फ्यूज, असलं बारीकसारीक सामान त्या डब्यात. डबा सांभाळायचं काम माझं. एकदा मी स्टेपनीची हवा न पाहताच ठीक आहे म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलंत, कशी पाहिली? मी म्हटलं, डोळ्यांनी. "डोळ्यानं हवा दिसली असती तर मी तुले गेज काहून देला असता?" तुमचा आवाज चढलाही नव्हता, पण मला अजून गेज न लावता पुढे जाता येत नाही. आणि नट आवळायचा तुमचा नियम: एकाशेजारचा एक आवळायचा नाही, समोरासमोरचे घ्यायचे, हात न उचलता चांदणी काढतात तसं. पाच नट, पाच टोकं. पाचातला एक जरी कमी असला तरी जीप फाटकाबाहेर जाणार नाही, हे तुम्ही मदर सुपिरियरलाही ऐकवलं होतं.

मग तुमची बदली झाली. बस्तरकडच्या कुठल्या तरी मिशनमध्ये. दुपारची रेल्वेगाडी वरठी स्टेशनवरून. सकाळी तुम्ही म्हणालात, जाण्याआधी एकदा चाकं फिरवून ठेवू, नव्या सिस्टरच्या हाती जीप नीट जाऊ दे. मागचं डावं चाक माझ्याकडे होतं. चार नट मी चांदणीच्या चार टोकांवर बसवले आणि पाचवा पिनाफोरच्या खिशात टाकला. आधीपासून काही ठरवलं नव्हतं. नट हातात होता, जड होता, ग्रीसने गार लागत होता, आणि तुमचा नियम मला पाठ होता.

नट सापडेना. सगळं बोर्डिंग अंगण शोधत होतं. मदर म्हणाल्या, चारवर जा, नाही तर टांगा मागवते. तुम्ही म्हणालात, चार नटांची जीप मी दुसऱ्याच्या हाती देऊन जाणार नाही. मग हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या सेंट अँथनींची प्रार्थना झाली. मीही सगळ्यांबरोबर गुडघे टेकले, हात जोडले, मांडीला नट टोचत होता. तेवढ्यात मावशीचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. "काय वो बाई, खिशात वंगण कायले भरलं?" ती हळूच पुटपुटली. मी खिसा हाताने झाकला. तिने पुढे काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन तव्यावर तांदळाच्या पिठाचे पातळ आयते घालायला बसली, कारण सिस्टर आज जेवायला आहेत.

आणि मग तो दिवस, सिस्टर! तुमचं सगळं सामान बांधलेलं, तास दुसऱ्यांना वाटून दिलेले, तुम्हाला करायला कामच उरलं नव्हतं. आयते खाऊन झाल्यावर तुम्ही म्हणालात, जीप हलणार नाही, पण आपण जाऊन येऊ. एकेक मुलगी स्टिअरिंगवर, तुम्ही शेजारी. सगळ्यात शेवटी मी बसले आहे. पाय कसाबसा क्लचला पोचतो आहे. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत सांगता आहात: आता लाखनी आली, वेग कमी कर. आता बैल आडवे आले, काय करशील? मी म्हणते, ब्रेक. "आन क्लच? तो का तुझा बाबा दाबंल?" मागच्या सीटवर सहा मुली हसून एकमेकींच्या अंगावर पडतात. साकोली मागे टाकून, वळण घेऊन आपण सानगडीला पोचतो. तुम्ही म्हणता, बाजार आहे, उतर, चाकं पाहा. आणि तसूभरही न हललेल्या त्या जीपभोवती मी खरोखर फिरते, वाकून चारही टायरांत खिळे शोधते. परत येऊन सांगते, नाही, सिस्टर, एकही नाही. तुम्ही म्हणता, "मंग चाल, अंधाराच्या आत घरी पोचू."

पुढे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग शिकायला गेले, तेव्हा शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, मॅडम, आधी चालवली आहे का? मी म्हटलं, हो, सानगडीपर्यंत.

आरटीओचे साहेब माझ्या मुलाहून लहान असतील. दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले, चेसिसच्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. टायरांपाशी वाकले आणि बोट फिरवून म्हणाले, हे पांढरं काय आहे? मी रेघेचं सांगितलं. ते म्हणाले, रोज इतक्या गाड्या पाहतो, पण हे मला माहीत नव्हतं, कुठे शिकलात? मी म्हटलं, शाळेत. कोणत्या विषयात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, शनिवारच्या तासाला. मग त्यांनी मुलाकडे पाहून विचारलं, "गाडी चालवतं कोण? तुम्हीच ना?" मुलगा म्हणाला, "नाही साहेब, आईच." तेवढं बोलून तो बाजूला झाला, आणि ब्रेक पाहण्यासाठी गाडी पुढे न्यायला मी बसले. सही झाल्यावर त्याने तिथेच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन केला. म्हणाला, गाडी विकायची नाही, आई वापरते.

काल मीच त्याला वरठीला सोडून आले. कारखान्याची पाळी सुटली होती, मोटरसायकली दोन्ही बाजूंनी मुंग्यांसारख्या येत होत्या, आणि तो शेजारी बसून एकदाही 'आई, सांभाळ' म्हणाला नाही. त्याआधी घरून निघताना मी कुलूप लावत होते, तर तो गाडीभोवती फिरत एकेका टायरला हात लावून बघत होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं. स्टेशनवर म्हणाला, पुण्याला गेल्यावर स्टेपनी शोधतो. गाडी सुटली आणि मी त्याच फलाटावर थोडा वेळ बसले, जिथून तुम्ही एक दिवस उशिरा गेलात.

तुम्ही देवाघरी गेल्याचं मला एका नाताळच्या कार्डातून कळलं, त्यालाही खूप वर्षं झाली. त्यामुळे हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. डिकीतल्या डब्यात राहील, खडूशेजारी. फक्त मुलाला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपलच्या खिडकीत नट सापडला आणि सगळ्यांनी सेंट अँथनींचे आभार मानले. तो मी ठेवला होता, हे तर तुम्ही ओळखलंच असेल. पण मला दिवसभर भीती होती ती वेगळीच. डबा माझ्याकडे असायचा, सिस्टर. त्यात तळाला जीपच्याच चाकांचे दोन नट जादा होते, आणि ते मला माहीत होतं. दुपारी तुम्ही डबा उघडलात. बोटाने खिळे बाजूला सारलेत, तळ पाहिलात, मग एकदा माझ्याकडे पाहिलंत. आणि झाकण लावून म्हणालात, "आज काही जमत नाही वो पोरींनो. उद्या पाहू."