बाबांची साइड

पांढरकवडा

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम. फोनवर तू विचारतोस, "बाबा बोलायला लागले का?" आणि मी "हो, थोडं थोडं" म्हणून विषय बदलते. ते खरं नाही. लकवा झाल्यापासून बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला आहे. साइड. डॉक्टर म्हणतात, असं होतं; वाचा जाते, पण सवयीचा एखादा शब्द मागे राहतो. कोणाच्या तोंडी देवाचं नाव राहतं, कोणाच्या तोंडी शिवी. आपल्या बाबांचा उभा जन्म ट्रकच्या स्टेअरिंगवर गेला, म्हणून हा.

सुरुवातीला मी चिडायचे. पाणी हवं तरी साइड, कूस बदलायची तरी साइड. मग हळूहळू कान तयार झाला. लांबवून म्हटलं तर 'सरक, उजेड येऊ दे'. तुटक म्हटलं तर 'नको'. शेजारच्या नंदाबाई वरणाचा गंज घेऊन येतात, तेव्हा मान खाली घालून हळूच म्हणतात, ते आभार. नंदाबाईंनाही ते समजतं. "राहू द्या भाऊ, कायची साइड," असं म्हणून त्या भांडं ठेवून जातात. आपणही हा शब्द किती कामांना लावतो, ते मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. रस्त्यावर साइड मागतो, देतो. नकोशा माणसाला साइडला करतो. आणि आपल्या भांडणात आई कायम तुझीच साइड घ्यायची, ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

लिहिता लिहिता मी उठून हायवेपर्यंत जाऊन आले. हल्ली घरात पाय ठरत नाहीत. बाबा झोपले की मी उगीच भांडी हलवते, दार उघडते, लावते. कारण सांगते. एसटीच्या चालक भरतीत माझं नाव लागलं आहे. यवतमाळला शिलाईच्या क्लासला जाते असं सांगून मी जड गाडी शिकत होते. निवड झाल्यावर बाबांना सांगितलं, तर ते ताटावरून उठले. "बाई माणूस गाडी घेऊन निंगली तं तिले कोनी साइड देत नाही. मले मालूम हाय रस्ता." त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, आणि त्या अबोल्यातच लकवा झाला. आता विचारणार तरी कसं? ते साइड म्हणाले, तर ते हो समजू की नाही?

मागच्या आठवड्यात त्यांना यवतमाळला दाखवायचं होतं. गल्लीतल्या धम्मरत्नदादाची पिकअप ठरवली होती, ऐन वेळी त्याला ताप भरला. त्याने चावी माझ्या हातात ठेवली. बाबांना शेजारच्या सीटवर बसवलं, तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मोहद्याच्या पुढे रस्ता अरुंद आहे. समोरून कापसाने फुगलेला ट्रॅक्टर येत होता, आणि त्याला ओव्हरटेक करत एक ट्रक थेट माझ्या अंगावर आला. डावीकडे मुरमाची कड होती, पण त्या कडेने मागून मोटारसायकली घुसत होत्या. मला काही सुचेना. तेवढ्यात बाबांनी डावा, चांगला हात खिडकीबाहेर काढला, तळवा उघडून मोटारसायकलवाल्यांना अडवलं, मागे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साइड." मी गाडी मुरमावर घातली. ट्रक आरसा घासून निघून गेला. माझी नजर त्या ट्रकवरच होती. बाबा मात्र अजून मागेच पाहत होते. रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी दारावर बाहेरून दोन थापा मारल्या. क्लीनर ड्रायव्हरला 'चल' म्हणून मारतो, तशा.

अश्वजित, ड्रायव्हर झाल्यापासून बाबा कधी क्लीनरच्या जागी बसले नव्हते. त्या दिवशी यवतमाळपर्यंत ते माझे क्लीनर झाले. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी लावून मी विचारलं, "बाबा, जाऊ मी ट्रेनिंगले?" त्यांनी माझ्या स्टेअरिंगवरच्या हातांकडे पाहिलं. मग दारावर पुन्हा दोनदा थापटलं. शब्द वापरलाच नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर तू "बघतो" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, तेवढ्याने आता भागणार नाही. पुढच्या महिन्यात ट्रेनिंग सुरू होतंय आणि मी जाणार आहे. नंदाबाई लक्ष ठेवतील, पण घरचं माणूस तूच. नागपूरकडे बदली माग, नाही तर बाबांना पुण्याला ने. काय ते तू ठरव, पण इथे येऊन ठरव. सुरुवातीला तुला त्यांचं काहीच कळणार नाही, तू वैतागशील. तरी जवळ बसून राहा. मला आता त्यांच्या जवळजवळ सगळ्या साइड समजतात. तुझा फोन ठेवला की दाराकडे पाहून ते एकदा म्हणतात, तेवढी एक समजत नाही. ती तुलाच येऊन ऐकावी लागेल.

वाट पाहणारी, तुझीच
दीपाताई